एन.डी.ए.ची दुसरी खेप : कॉलेज न सोडता



गाळप बंद होऊन बारावीचे निकाल लागले, की आमच्या शेती खात्याच्या खिडकीवर दोन तऱ्हेची माणसे येतात. एक, उसाची नोंद आणि राहिलेल्या बिलाची चौकशी करणारी. दुसरी, ‘पोराचं पुढं काय करायचं’ हे विचारणारी. कारकुनाला हे का विचारायचे, तर फॉर्म भरायला तोच सापडतो म्हणून. अलीकडे या दुसऱ्या मंडळींकडून एक प्रश्न वारंवार येतो. पोरगे एन.डी.ए.ला बसले होते, पहिल्या खेपेला राहिले. आता त्याला वर्षभर घरी बसवून तयारी करून घ्यावी, का कॉलेजात घालावे?

माझे उत्तर एकच असते. कॉलेजात घाला, आणि कॉलेजात राहूनच पुन्हा बसू द्या. हे उत्तर मला पुस्तकातून मिळालेले नाही. माझ्या स्वतःच्या मुलाच्या बाबतीत मी याच्या उलट केले. ते पुढे सांगतो.

आधी एक घोटाळा दूर करू. ‘मिलिटरीत जायचं’ म्हटले की आपल्याकडे भरतीच डोळ्यांपुढे येते. मैदानावर पळायचे, छाती मोजायची. ती जवानांची भरती. एन.डी.ए. म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. तिथून थलसेना, नौदल आणि हवाई दलाचे अधिकारी तयार होतात. ती आहे पुण्याजवळ खडकवासल्याला. नेहरूंनी १९४९ साली तिची कोनशिला बसवली आणि १९५५ च्या जानेवारीत तिचे उद्घाटन झाले. शेजारच्या धरणाचे पाणी कालव्याने दौंड-इंदापूरपर्यंत उसाला जाते. पाणी आपल्याला येते, पण आपली पोरे तिकडे फारशी जात नाहीत, असे आमचे एक जुने संचालक म्हणत असत. निवड झाली तर राहणे, जेवण, कपडे, पुस्तके, दवापाणी सगळे सरकारचे. पालकांनी मुलाच्या हातखर्चाचे तेवढे पाहायचे. २०२१ साली सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर ही परीक्षा मुलींनाही खुली झाली. मुलींची पहिली तुकडी २०२२ साली आत गेली आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुली तिथून पास होऊन बाहेर पडल्या. तेव्हा पुढे जिथे ‘मुलगा’ लिहिले आहे तिथे मुलगीही धरावी. मुलींच्या जागा मात्र अजून थोड्या आहेत.

परीक्षा यू.पी.एस.सी. घेते, वर्षातून दोनदा. अलीकडे एक एप्रिलमध्ये आणि दुसरी सप्टेंबरमध्ये असते. कितीदा बसावे याला बंधन नाही. बंधन आहे ते वयाचे, आणि सगळा घोळ इथेच होतो. मुलगा अविवाहित हवा आणि त्याचे वय साडेसोळा ते साडेएकोणीस हवे. पण हे वय परीक्षेच्या दिवशीचे नव्हे, प्रबोधिनीतला कोर्स सुरू होतो त्या वेळचे. एप्रिलच्या परीक्षेचा कोर्स पुढच्या जानेवारीत सुरू होतो आणि सप्टेंबरच्या परीक्षेचा पुढच्या जुलैत. म्हणजे परीक्षेला बसताना मुलगा साधारण पावणेएकोणीसच्या आत पाहिजे. ‘अजून एकोणीस पुरं व्हायचंय’ म्हणून निर्धास्त राहिलेले दोन बाप मी पाहिले आहेत.

दोन मुलांचा हिशेब करून पाहू. दोघांचीही बारावी मार्च २०२५ ला झाली. एकाची जन्मतारीख १ जून २००७, दुसऱ्याची १५ जानेवारी २००८. वर्गात दोघे एका बाकावर. पण बारावीनंतर पहिल्याला मिळाली फक्त एक परीक्षा, सप्टेंबर २०२५ ची. दुसऱ्याला मिळतात तीन : सप्टेंबर २०२५, एप्रिल २०२६ आणि सप्टेंबर २०२६. साडेसात महिन्यांच्या फरकाने दोन खेपांचे अंतर पडले.

आणि १ जून ही तारीख मी उगाच घेतली नाही. आपल्याकडे शाळेत नाव घालताना मास्तरांनी किती पोरांची जन्मतारीख १ जून लावली आहे, हे आपण जाणताच. आईला ठाऊक असते की पोरगे दिवाळीनंतरचे आहे. पण यू.पी.एस.सी. दहावीच्या प्रमाणपत्रावरची तारीख धरते. जन्मपत्रिका, गावचा दाखला, प्रतिज्ञापत्र यांतले काही चालत नाही. तेव्हा ज्यांची मुले अजून खालच्या वर्गात आहेत त्यांनी शाळेच्या दप्तरातली तारीख दहावीच्या आतच तपासून घ्यावी.

आता माझ्या घरची गोष्ट. मुलाचा जन्म मार्च २००६ चा, बारावी २०२३ ची. बारावीत शिकत असतानाही एन.डी.ए.चा फॉर्म भरता येतो, हेच आम्हाला ठाऊक नव्हते. दोन खेपा अशाच गेल्या. निकालानंतर शहरातल्या एका क्लासवाल्याने सांगितले, “कॉलेजचं झंझट नको, एक वर्ष पूर्ण आमच्याकडं द्या.” मी ऊसबिलातून फी भरली. सप्टेंबर २०२३ च्या लेखी परीक्षेत मुलगा पास झाला. मुलाखतीला गेला आणि पाचव्या दिवशी परत आला. क्लास संपला होता, कॉलेज नव्हतेच. पोरगे घरी बसले. सकाळी पळायला जायचे आणि मग दिवसभर मोबाईल. पाव्हणेरावळे विचारायचे, “सध्या काय करतोय?” आणि तो उठून मळ्यात जायचा. एप्रिल २०२४ ला तो लेखीतच नापास झाला, ज्या पेपरात आधी पास झाला होता त्याच पेपरात. मग मी जागा झालो. जूनमध्ये त्याला एफ.वाय. बी.एस्सी.ला घातले. सप्टेंबर २०२४ ही त्याची शेवटची खेप होती. त्या वेळी कॉलेज, एन.सी.सी. सगळे चालू असताना लेखीत त्याला पहिल्या वेळेपेक्षाही जास्त मार्क पडले. निवड पुन्हा झाली नाही. पण या खेपेला तो परत आला तो तोंड लपवत आला नाही. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला गेला.

आपण खोडवा राखतो तेव्हा नुसता राखला म्हणून तो येत नाही. बुडखे छाटावे लागतात, नांग्या भराव्या लागतात, खत वेळेवर द्यावे लागते. दुसऱ्या खेपेचेही तसेच आहे. पहिल्या वेळी पीक कुठे कमी पडले ते आधी पाहावे. ‘एन.डी.ए.त नापास’ असे म्हणून भागत नाही, कारण गडी पाच-सहा ठिकाणी गळू शकतो आणि प्रत्येक ठिकाणचे औषध वेगळे.

लेखीला दोन पेपर असतात. गणित ३०० मार्कांचे आणि सामान्य क्षमता चाचणी ६०० मार्कांची, त्यात २०० मार्कांचे इंग्रजी. उत्तर चुकले तर एक तृतीयांश मार्क कापले जातात. गेल्या काही वर्षांत लेखीची पासाची रेघ ९०० पैकी तीनशे-साडेतीनशेच्या आसपास राहिली आहे. म्हणजे सगळे यायलाच पाहिजे असे नाही. जे येते ते बिनचूक सोडवून बाकीचे सोडून देण्याची शिस्त लागते. पेपर हिंदी आणि इंग्रजीत असतो, मराठीत नसतो. लेखीत गळलेल्या मुलाने अकरावी-बारावीची गणिताची पुस्तके रद्दीत घालू नयेत, एवढे पाहा. कॉलेजात बी.ए. किंवा बी.कॉम.ला गेला तर गणित सुटते, आणि सुटलेले गणित सहा महिन्यांत गंजते. रोज एक तास ठेवलाच पाहिजे.

खरी गळती पुढे होते. दर खेपेला लाखो मुले बसतात आणि जागा असतात सुमारे चारशे. लेखी पास झालेल्यांना एस.एस.बी. म्हणजे सेवा निवड मंडळापुढे जावे लागते. ही मुलाखतही ९०० मार्कांची, म्हणजे सगळ्या लेखीएवढी. ती पाच दिवस चालते. पहिल्याच दिवशी बुद्धिचाचणी होते, एक चित्र क्षणभर दाखवून त्यावर गोष्ट लिहायला लावतात आणि गटात त्यावर बोलायला सांगतात. त्यातच निम्म्याहून जास्त मुले परत पाठवली जाण्याचे प्रसंग येतात. पहिल्या दिवशी परतणारी आपली मुले बहुतेक बोलण्यात कमी पडतात. मराठी शाळेतले पोर हुशार असूनही गटात गप्प बसते. याला उपाय म्हणजे रोज तोंडाने बोलणे. कॉलेजातले वक्तृत्व, गणेशोत्सवातले सूत्रसंचालन, गावच्या पाणीपुरवठ्याच्या सभेत उभे राहून विचारलेला एक प्रश्न, हे सगळे चालते. घरी एकट्याने बसून हे येत नाही.

उरलेल्या दिवसांत मानसशास्त्राच्या चाचण्या होतात. त्यात साठ शब्दांवर प्रत्येकी पंधरा सेकंदांत वाक्य लिहायचे असते. मग मैदानावरची गटाची कामे, समोरासमोर मुलाखत आणि शेवटी सगळ्या अधिकाऱ्यांपुढे उभे राहणे. इथे एक गोष्ट पालकांनी नीट समजून घ्यावी. मुलाला एक माहितीचा फॉर्म भरून द्यावा लागतो आणि त्यात आधी किती वेळा, कुठे, कधी मुलाखतीला गेला होता ते लिहावे लागते. लपवायचे काही कारण नाही. आधीचे अपयश म्हणजे डाग नव्हे. पण मुलाखत घेणारा अधिकारी हमखास विचारतो, ‘त्यानंतर काय केलंस?’ घरी बसलेल्या मुलाकडे याला उत्तर नसते. माझ्या मुलाला त्यासाठी एन.सी.सी.चे शिबिर आणि पहिल्या सेमिस्टरचा अभ्यास सांगता आला.

शेतीबद्दलही विचारतात. आमच्या गटातला एक मुलगा सांगत होता. त्याने ‘वडील शेती करतात’ म्हटल्याबरोबर पुढचे प्रश्न आले. ऊस एकरी किती टन पडतो? दर कोण ठरवतो? एफ.आर.पी. म्हणजे काय? तोडणीला टोळी वेळेवर आली नाही तर काय करता? पहिल्या खेपेला त्याला यातले निम्मे सांगता आले नाही. ऊस घरचा, पण हिशेब बापाच्या डोक्यात. मग वर्षभर त्याने कॉलेज करून वडिलांबरोबर काट्यावर येणे सुरू केले. मुकादमाशी बोलणे, पाण्याच्या पाळ्या लावणे हे स्वतःकडे घेतले. दुसऱ्या खेपेला त्याची निवड झाली. एवढ्यानेच झाली असे मी म्हणत नाही. पण त्याला बोलायला स्वतःचे काहीतरी होते.

मुलाखतीत पास होऊनही दोन ठिकाणी अडते. एक, डॉक्टरी तपासणी. त्यात काही दोष कायमचे असतात, तर काही बरे होणारे, जसे कानातला मळ, किडके दात, वाढलेले वजन, हर्निया. बरे होणाऱ्या दोषासाठी पुन्हा तपासणीची संधी देतात, तिची मुदत हातात दिलेल्या कागदावर लिहिलेली असते. शहाणपण यात आहे की दुसरा फॉर्म भरण्याआधीच एखाद्या डॉक्टरकडून डोळे, रंगज्ञान, कान, दात, पाय तपासून घ्यावेत. जत्रेत हौसेने गोंदवून घेणाऱ्यांनीही जपावे. कायमचे गोंदण कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागे एवढेच चालते. दुसरे अडते ते गुणवत्ता यादीत. मुलाखत आणि डॉक्टरी दोन्ही पास, पण बेरजेत नंबर खाली. असा मुलगा जवळजवळ पोचलेला असतो. पण आधीची शिफारस पुढच्या खेपेला उपयोगी पडत नाही, सगळे पहिल्यापासून करावे लागते. त्याने मात्र थांबू नये.

हवाई दलात वैमानिक व्हायचे असेल तर एक इशारा. त्यासाठी यंत्रावर घेतली जाणारी जी खास चाचणी आहे, ती जन्मात एकदाच देता येते. तीत नापास झालेला पुन्हा वैमानिकासाठी पात्र ठरत नाही. बाकीची दारे त्याला उघडीच राहतात. तसेच, एकदा प्रबोधिनीत जाऊन स्वतःहून सोडून आलेल्याला परत घेत नाहीत. ‘जाऊन तर बघ, नाही जमलं तर ये’ असे म्हणून पोराला पाठवू नका.

आता कॉलेज. पालकांचा पहिला आक्षेप असतो, ‘एफ.वाय., एस.वाय. करून निवड झाली तर ती वर्षं वाया जाणार.’ खरे आहे, ती वर्षे तिथे धरत नाहीत. खडकवासल्याला तीन वर्षे पहिल्यापासून शिकावे लागते आणि पदवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची मिळते. त्यानंतर थलसेनेसाठी आणखी एक वर्ष देहरादूनला. कॉलेजची भरलेली फीही गेली असेच धरून चाला. पण अधिकारी होण्यासाठी एखादे वर्ष गेले, तर ते वाया गेले असे मी म्हणणार नाही. वाया गेले ते माझ्या मुलाचे घरी बसलेले वर्ष. त्याच्या बरोबरीची मुले २०२५-२६ ला टी.वाय.ला होती, हा एस.वाय.ला.

पदवी कुठली घ्यावी? थलसेनेसाठी कुठलीही चालते. शेतकी पदवी, बी.ए., बी.कॉम., काहीही. कारण एन.डी.ए.चे वय संपले तरी पदवीनंतर दुसरे दार आहे, त्याचे नाव सी.डी.एस. परीक्षा. तीही यू.पी.एस.सी.ची आणि वर्षातून दोनदाच. देहरादूनसाठी वयाची मर्यादा २४, चेन्नईच्या अल्पसेवा कमिशनसाठी २५. चेन्नईला मुलीही जाऊ शकतात. शेवटच्या वर्षात असतानाच फॉर्म भरता येतो. नौदलासाठी मात्र तिथे इंजिनियरिंगची पदवी लागते आणि हवाई दलासाठी बारावीला गणित-भौतिकशास्त्र झालेले लागते. घरी बसलेल्या मुलाला हे दार वेळेवर उघडत नाही, कारण पदवीच उशिरा होते.

कॉलेजात गेल्या गेल्या पहिले काम एन.सी.सी.चे. प्रवेश जुलै-ऑगस्टच्या सुमारास आणि जागा मोजक्या. सगळ्या कॉलेजांत तुकडी नसते, तेव्हा कॉलेज निवडतानाच विचारा. तीन वर्षांनी ‘सी’ सर्टिफिकेट मिळते. त्यात किमान ‘बी’ ग्रेड आणि पदवीला ५० टक्के असतील, तर थलसेनेच्या खास प्रवेशासाठी लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखतीला जाता येते. छाननी असते, पण एक मोठा डोंगर कमी होतो. दुसऱ्या वर्षाला जाग येऊन एन.सी.सी. घेतली तर हे गणित चुकते.

फॉर्मचे वेळापत्रक ध्यानात ठेवा. अलीकडे एप्रिलच्या परीक्षेचा फॉर्म डिसेंबरात निघतो आणि सप्टेंबरचा मे-जूनच्या सुमारास. म्हणजे एप्रिलची मुलाखत होण्याआधीच सप्टेंबरच्या फॉर्मची मुदत संपते. ‘आधी याचा निकाल लागू दे’ म्हणणारा एक खेप घालवतो. फी शंभर रुपये, मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींना तीही नाही. शंभर रुपयांसाठी सहा महिने थांबू नका. लेखीत पास झाल्यावर सैन्याच्या भरतीच्या संकेतस्थळावर दोन आठवड्यांत नाव नोंदवावे लागते, ते विसरले तर सगळे मुसळ केरात. मुलाखतीची तारीख निवडायला मिळते, तेव्हा ती सेमिस्टरच्या परीक्षेवर येणार नाही अशी आधीच निवडावी. हजेरी कमी पडू नये म्हणून जाण्यापूर्वी प्राचार्यांना अर्ज आणि आल्यावर हजर राहिल्याचा दाखला द्यावा. कॉलेजने प्रवेशाच्या वेळी मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली असतील तर ती महिनाभर आधी मागून घ्यावी, कारण मुलाखतीला मूळ कागद लागतात आणि कॉलेजचा क्लार्क रजेवर असतो.

खर्चाचे म्हणाल तर पहिल्या मुलाखतीचे रेल्वेभाडे सरकार देते. त्याच प्रकारच्या प्रवेशासाठी दुसऱ्यांदा गेला तर ते मिळत नाही, घरून द्यावे लागते. भोपाळ, बेंगळुरू, प्रयागराज असे लांबचे गाव येते. एवढी तजवीज ठेवा. आणि कुणी ‘सेटिंग’ करून देतो म्हणाला तर त्याला बांधावरूनच परत पाठवा. या परीक्षेत पैसे देऊन कुणी घेतले जात नाही, फसवले जाणारे मात्र दरवर्षी निघतात.

धाकटा मुलगा अजून दहावीत असेल, तर छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून आहे. दहावीनंतर परीक्षा घेऊन मुलांना घेतात आणि अकरावी-बारावीबरोबर हीच तयारी करून घेतात. मुलींसाठी तशीच संस्था २०२३ पासून नाशिकला आहे. त्याबद्दल पुढे केव्हातरी लिहीन.

माझा मुलगा एन.सी.सी. टिकवून आहे. पदवीचे शेवटचे वर्ष सुरू झाले की सी.डी.एस.चा फॉर्म तो स्वतःच भरणार म्हणतो, मी हात लावायचा नाही अशी अट आहे.

ज्या सभासदांना आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या किती खेपा उरल्या याचा हिशेब करून हवा असेल, त्यांनी दुपारी तीननंतर शेती खात्यात यावे. येताना दहावीचे प्रमाणपत्र आणावे, आधार कार्ड नव्हे. आणि शक्यतो पोरालाही बरोबर आणावे.